बाथरूमच्या भिंतीवरील बुरशी : रंगाचा डबा उघडण्याआधीची कामे

बाथरूमच्या रंगवलेल्या भिंतीवर किंवा छतावर काळे-हिरवे ठिपके दिसू लागले की बहुतेक घरांत पहिला विचार रंगाचा होतो, आणि तोही गणपती किंवा दिवाळी तोंडावर आल्यावर. पेंटर येतो, भिंत पत्र्याने खरवडतो, पुट्टीचा एक हात फिरवतो, वर ‘अँटी-फंगल’ म्हणून मिळणारा रंग मारतो आणि भिंत काही आठवडे पांढरीशुभ्र दिसते. पुढच्या पावसाळ्यात, क्वचित त्याआधीच, ठिपके नेमके त्याच जागी परत उमटतात. दोष रंगाला दिला जातो, परंतु चुकलेला असतो तो कामाचा क्रम. ओल कुठून येते हे आधी ठरवावे, ती थांबवावी, मग बुरशी मारून काढून टाकावी, भिंत पुरती वाळू द्यावी आणि त्यानंतरच रंगाकडे वळावे. हा क्रम पाळला तर मध्यम किमतीचा रंगही वर्षानुवर्षे टिकतो, आणि तो मोडला तर दुकानातील सर्वांत महाग रंगाचाही उपयोग होत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत हा त्रास घरोघरी का दिसतो, ते हवामानाच्या साध्या हिशेबातून कळते. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या सर्वसाधारण तारखांनुसार मुंबई परिसरात मोसमी पाऊस ११ जूनला पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. म्हणजे जवळपास चार महिने भिंतींना नीट वाळायला वाव मिळत नाही. जुलैतील हवा २८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के धरली, तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो आणि त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर बाष्पाचे पाणी होऊ लागते. बुरशीला तर प्रत्यक्ष थेंबांचीही गरज नसते. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरते, आणि खाद्य म्हणून साबणाचा उडालेला फेस, अंगाचे तेल, धूळ व जुन्या डिस्टेंपरमधील सेंद्रिय चिकट द्रव्ये भिंतीवर असतातच. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असल्यामुळे बुरशी घरात कशी शिरली याचा शोध घेण्यात अर्थ नाही. शोध घ्यायचा तो पाण्याचा.

डाग कशाचा आहे ते आधी पाहावे

भिंतीवरचा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो, आणि उपाय डागागणिक बदलतो. काळे, हिरवट किंवा करडे ठिपके एकमेकांत मिसळत पसरत असतील आणि जवळ गेल्यावर कुबट वास येत असेल, तर ती बहुधा बुरशीच असते. शंका असल्यास एका ठिपक्यावर कापसाने पातळ लिक्विड ब्लीचचा थेंब लावावा. मिनिटा-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर तो बुरशीचा, आणि तसाच राहिला तर तो मळ, काजळी किंवा गंज समजावा.

पांढरे, पिठूळ, कधी कधी केसांसारखे दिसणारे स्फटिक भिंतीतून फुटत असतील, तर तो लोणा आहे. भिंतीतून पाणी झिरपत बाहेर येते, त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागावर उरतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. पाण्याचा थेंब टाकताच हे स्फटिक विरघळतात. बुरशी विरघळत नाही. लोणा फुटलेल्या जागी बुरशीनाशक लावून काही साधत नाही, कारण तेथे मारण्यासारखे काही जिवंत नसते, परंतु भिंतीच्या आत पाणी आहे याचा तो खात्रीचा पुरावा असतो. नळाभोवती व टाइल्सच्या सांध्यांत दिसणारा गुलाबी बुळबुळीत थर बहुतेक वेळा जिवाणूंचा असतो आणि साबणाच्या पाण्याने घासून निघतो.

तपकिरी रंगाचे पट्टे छताला सरळ रेषेत उमटले असतील, त्या रेषेवर तडा असेल आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर हे काम पेंटरचे राहत नाही. आतील सळई गंजून फुगते आणि काँक्रीट ढकलते, तेव्हा असे पट्टे दिसतात. वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर येथील सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींत किंवा ठाण्यातील नौपाडा, कोपरी भागातील जुन्या सोसायट्यांत असे छत दिसल्यास ते सोसायटीच्या कमिटीला आणि संरचना अभियंत्याला दाखवावे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतींचे दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करण्याची तरतूद आहे. अशा छतावर पुट्टी भरणे म्हणजे धोका झाकून ठेवणे होय.

ओल येते कुठून

डागांची जागा पुष्कळ काही सांगते. आपल्याकडे बाथरूमच्या टाइल्स, ज्यांना गवंडी डॅडो म्हणतात, साधारण सात फुटांपर्यंत असतात आणि त्यांच्यावर दीड-दोन फूट रंगवलेली भिंत उरते. या पट्टीवर आणि छतावर सर्वत्र, विशेषतः कोपऱ्यांत व खिडकीपासून दूरच्या बाजूला, बारीक ठिपके विखुरलेले असतील, तर ते आंघोळीच्या वाफेचे काम आहे. याउलट छतावर एकच गोलसर, कडेला पिवळट झालेला डाग असेल आणि त्याच्या वरच्या फ्लॅटमध्ये नहाणी ट्रॅप (जमिनीवरचे पाणी वाहून जाण्याचे जाळीचे तोंड) किंवा कमोड असेल, तर गळती वरून आहे. भिंतीवर उभा किंवा आडवा पट्टा ओला राहत असेल, तर आतून गेलेल्या पाइपचा सांधा तपासावा. बाहेरच्या भिंतीवरचे डाग पावसाच्या मोठ्या झडीनंतर दोन-तीन दिवसांत गडद होत असतील, तर पाणी बाहेरच्या गिलाव्यातील तड्यांतून किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटीतून आत येते. डक्टमधील, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतील, पाइपच्या सांध्यातून पिंपळाचे रोप उगवलेले दिसले, तर निदानासाठी आणखी पुरावा क्वचितच लागतो. तेथे बारमाही पाणी मिळाल्याशिवाय ते रोप जगले नसते.

एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. घोडबंदर रस्त्यावरील किंवा खारघर-उलवे भागातील नव्या फ्लॅट्समध्ये बाथरूम बेडरूमला लागून असते आणि मधली भिंत जेमतेम चार इंचांची असते. बेडरूममध्ये रात्रभर २२-२३ अंशांवर एसी चालला की ती भिंत बाथरूमच्या बाजूनेही थंड पडते. वर दिलेला दवबिंदूचा आकडा आठवला तर पुढचे उघड आहे: सकाळच्या गरम पाण्याची वाफ सर्वांत आधी याच भिंतीवर जमते, आणि बुरशीही तेथेच आधी दिसते. अशा घरात वॉटरप्रूफिंगवर खर्च करण्याआधी पावसाळ्यात एसी २६ अंशांवर चालवून पाहावा आणि आंघोळीनंतर त्या भिंतीवरचे पाणी पुसून घ्यावे.

निदान पक्के करण्यासाठी प्लॅस्टिकची एक सोपी चाचणी आहे. डाग असलेल्या जागेजवळ भिंत पुसून कोरडी करावी, साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक जाड प्लॅस्टिक चारही कडांनी रुंद चिकटपट्टीने घट्ट बसवावे आणि किमान एक पूर्ण दिवस तसेच ठेवावे. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दमटपणा किंवा थेंब दिसले तर पाणी भिंतीच्या आतून येते; फक्त बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतील वाफ आहे. दोन्ही बाजूंना पाणी दिसणेही शक्य आहे, आणि तसे झाल्यास दोन्ही कारणांवर काम करावे लागते. भिंतीवर चिकटपट्टीच टिकत नसेल तर रंग आधीच सुटलेला आहे असे समजून तेवढा भाग खरवडावा आणि मग चाचणी घ्यावी.

वरच्या मजल्यावरील बाथरूमचा संशय असेल तर तेथील नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर इंचभर पाणी २४ तास साठवून ठेवतात आणि खालच्या छतावरील डाग वाढतो का ते पाहतात. डाग वाढला तर जमिनीचे वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅपभोवतीचा सांधा गेला आहे. डाग न वाढता तसाच ओला राहिला तर पाणीपुरवठ्याचा पाइप संशयित ठरतो, कारण त्यात पाणी कायम दाबाखाली असते. त्याची प्रेशर टेस्ट प्लंबरकडून करून घ्यावी. साठवलेल्या पाण्यात थोडा खाण्याचा रंग मिसळल्यास पाणी कोणाचे हा वाद उरत नाही.

हा वाद मात्र सोसायट्यांमध्ये हमखास होतो, म्हणून दोन शब्द. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, बाहेरच्या भिंतींतून आणि सामाईक पाइपलाइन व ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे, तर एखाद्या फ्लॅटच्या बाथरूम-शौचालयामुळे खाली होणारी गळती संबंधित सभासदाने आपल्या खर्चाने थांबवायची असते. कमिटीला पत्र देण्याआधी वरच्या घरातील मंडळींना खाली बोलावून डाग दाखवावा, असे माझे मत आहे. छत प्रत्यक्ष पाहिलेला शेजारी चाचणीला सहसा तयार होतो. आधी पत्र हाती पडलेला शेजारी सहसा होत नाही. डागाचे तारखेसह फोटो मात्र पहिल्या दिवसापासून काढून ठेवावेत.

गळती आतून किंवा वरून असेल तर ती बंद होईपर्यंत पुढचे काहीही करू नये. वाफेमुळे होणाऱ्या बुरशीच्या बाबतीत साफसफाई लगेच सुरू करता येते.

बुरशी मारणे आणि काढणे

सर्वाधिक नुकसान कोरड्या घासकामाने होते. पेंटर आल्या आल्या कोरडी भिंत पत्र्याने खरवडू लागला किंवा पॉलिश पेपर मारू लागला, तर बुरशीचे लक्षावधी बीजाणू धुळीबरोबर घरभर पसरतात. म्हणून नियम असा की, बुरशी आधी ओली करावी, मग मारावी, मग पुसावी, आणि खरवडणे सर्वांत शेवटी, तेही ओल्यानेच.

किती मोठे काम स्वतः करावे यालाही मर्यादा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार साधारण १० चौरस फुटांपर्यंतची, म्हणजे सुमारे तीन फूट लांब व तीन फूट रुंद जागेतील बुरशी घरच्या माणसांनी काढण्यास हरकत नाही. संपूर्ण छत काळे झाले असेल तर हे काम माहितगार माणसाकडे द्यावे. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल, गर्भवती किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारी व्यक्ती असेल, तर काम चालू असताना त्यांनी दुसरीकडे थांबणे बरे. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा चश्मा वापरावा. छत धुताना थेंब थेट डोळ्यांत पडतात, त्यामुळे चश्मा ऐच्छिक समजू नये. गीझर, दिवा व एक्झॉस्ट फॅन यांचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरील सुरक्षा-स्विच) बंद करावा, टॉवेल-ब्रश-साबण बाहेर काढावेत, बेडरूमकडचे दार लावून खालच्या फटीत ओले फडके कोंबावे आणि खिडकी पूर्ण उघडावी.

प्रथम भिंत कोमट पाण्यात मिसळलेल्या कपडे धुण्याच्या लिक्विडने, मऊ स्पंजने हलकेच पुसावी आणि स्वच्छ पाण्याने धुवावी. साबणाचा व तेलाचा थर भिंतीवर राहिला तर पुढचे द्रावण त्याच्यावरच खर्ची पडते. त्यानंतर मारक द्रावण. बाजारात मिळणारे सोडियम हायपोक्लोराइटचे साधे लिक्विड ब्लीच साधारण ४ ते ५ टक्के तीव्रतेचे असते. त्याचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग हे प्रमाण पुरेसे आहे. ते न मिळाल्यास ब्लीचिंग पावडर चालते: प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर पाणी घेऊन त्यात ५० ग्रॅम पावडर हळूहळू सोडावी, लाकडी काठीने ढवळावे, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळलेले पाणी वापरावे. दोन्ही द्रावणे त्याच दिवशी वापरून संपवावीत, कारण ठेवल्यावर त्यांची ताकद उतरते. जुनी, ओलसर झालेली ब्लीचिंग पावडर तर मुळातच निकामी असते.

ही द्रावणे इतर कशातही मिसळू नयेत. शौचालय साफ करण्याचे लिक्विड आणि टाइल्सवरचे डाग काढण्यासाठी मिळणारे ॲसिड यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते ब्लीचच्या संपर्कात आले की क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. व्हिनेगर मिसळल्यानेही क्लोरिन सुटतो, आणि अमोनिया असलेल्या काच-पुसण्याच्या लिक्विडमुळे तितकेच त्रासदायक क्लोरामाइन वायू तयार होतात. कामवाल्या मावशी त्याच सकाळी ॲसिड टाकून कमोड धुऊन गेल्या असतील, तर आधी भरपूर पाणी सोडावे किंवा भिंतीचे काम दुसऱ्या दिवशी करावे. आणि आपण ब्लीच वापरणार आहोत हे त्यांना आवर्जून सांगून ठेवावे.

द्रावण स्पंजने किंवा स्पंजच्या रोलरने लावावे. स्प्रेच्या बाटलीने उडवलेले बारीक तुषार श्वासावाटे आत जातात. दिसणाऱ्या डागाच्या भोवती किमान फूटभर जास्तीची जागा घ्यावी, कारण बुरशीचे तंतू डागाच्या कडेपलीकडे पोहोचलेले असतात. भिंत १५ मिनिटे ओली राहील असे पाहावे, मध्ये वाळू लागल्यास पुन्हा लावावे, नंतर नायलॉनच्या ब्रशने घासून फडक्याने पुसून घ्यावे. डाग पांढरा पडला म्हणजे काम झाले असे नव्हे. ब्लीच रंग घालवते, परंतु मेलेली बुरशी भिंतीवरच राहिली तर तिचीही ॲलर्जी होते आणि वरचा रंग तिच्यासकट सुटतो, म्हणून ती पुसून निघालीच पाहिजे. शेवटी दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावे; मागे राहिलेल्या क्लोरिनमुळे नवा प्रायमर नीट धरत नाही आणि नळांची चकाकीही जाते.

क्लोरिनचा वास सोसत नसेल तर बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेले तयार बुरशीनाशक रंगाच्या मोठ्या दुकानांत मिळते आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे ते वापरता येते. व्हिनेगरचा घरगुती उपाय पुष्कळदा सुचवला जातो; टाइल्सवर तो ठीक असला, तरी सिमेंटच्या गिलाव्यावर किंवा चुन्याच्या भिंतीवर आम्ल लावणे मला पटत नाही, कारण ते गिलाव्यालाच खाते.

आता खरवडण्याची पाळी. सुटलेले पोपडे पाणी मारून मऊ करावेत आणि पत्र्याने काढावेत. जुना डिस्टेंपर असेल तर तो भिजवून पूर्णच काढावा, कारण त्यावर लावलेले सर्व काही त्याच्याबरोबर उतरते. घर जुने असेल आणि खाली ऑइल पेंटचे थर निघत असतील, तर ओलेच खरवडण्याला आणखी एक कारण आहे: घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि त्याआधीच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता राहते. खरवडलेला चुरा पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा. तो नहाणी ट्रॅपमध्ये लोटला तर पुट्टीचा गाळ आत घट्ट बसतो आणि पुढचे बोलावणे प्लंबरला जाते. उघड्या पडलेल्या भागावर मारक द्रावणाचा आणखी एक हात द्यावा, पुन्हा धुवावे आणि वाळू द्यावे.

वाळवणे आणि डागडुजी

या टप्प्यावर घाई होते, कारण भिंत वरून कोरडी दिसते आणि सण जवळ आलेला असतो. गणपतीआधी बाथरूम रंगवून घेण्याचा आग्रह मी तरी सोडून द्यायला सांगेन. ऑगस्टमध्ये या भागातील हवाच इतकी ओली असते की भिंत वाळवणार कशाने, हा प्रश्न उरतो. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर तेव्हाही भिंतीत पावसाचे पाणी मुरलेले असते. हॉल आणि बेडरूम खुशाल सणाला रंगवाव्यात, बाथरूम मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवावे. घर भाड्याने द्यायचे आहे किंवा लग्नकार्य आहे म्हणून पावसाळ्यातच करणे भाग असेल, तर बाथरूमचे दार उघडे ठेवून शेजारच्या बेडरूमचा एसी ‘ड्राय’ मोडवर चालवावा आणि टेबल फॅनचा झोत भिंतीवर सोडावा. भिंत वाळली की नाही याचा निर्णय हाताने चाचपून न घेता प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा लावून घ्यावा.

वाळलेल्या भिंतीवर लगेच पुट्टी भरण्याऐवजी आठ-पंधरा दिवस बाथरूम नेहमीसारखे वापरावे, असा माझा सल्ला आहे. भिंत थोडे दिवस विद्रूप दिसते, पण ठिपके परत आले तर निदान अपुरे होते हे पुट्टी, प्रायमर, रंग आणि मजुरी खर्च होण्याआधीच कळते.

गिलावा ठोकून पाहावा. पोकळ वाजणारा भाग छन्नीने काढून सिमेंट-वाळूच्या १:४ मिश्रणाने, त्यात वॉटरप्रूफिंगचे द्रव मिसळून, भरून घ्यावा. हा ठिगळ सात दिवस पाणी मारून पक्का करावा आणि त्यानंतर पूर्ण वाळू द्यावा. नव्या गिलाव्यावर रंग लावण्याआधी एकंदर २८ दिवस थांबण्याचा प्रघात आहे आणि तो सकारण आहे, कारण ताज्या सिमेंटमधील अल्कली रंगाला जाळते. अनेक नव्या इमारतींत आतून जिप्समचा गिलावा असतो आणि कधी कधी तो बाथरूमच्या वरच्या पट्टीपर्यंत येतो. जिप्सम व पीओपी पाणी शोषून मऊ पडतात, म्हणून ओल लागलेला असा भाग काढून सिमेंटचाच करावा. हीच गोष्ट पेंटर जी खडूची ‘लांबी’ (खडूच्या भुकटीचे भरण) भरतात तिलाही लागू आहे. बाथरूममध्ये व्हाइट सिमेंटची पुट्टीच सांगावी, तीही पातळ दोन हातांत, एकूण जाडी दीड मिलिमीटरच्या आत. खड्डे बुजवायला पुट्टीचा जाड थर देणे हे गवंड्याचे काम पेंटरवर ढकलणे झाले.

डॅडोच्या वरच्या कडेला टाइल आणि गिलावा यांच्यामध्ये बारीक फट असते आणि शॉवरचे पाणी तिथून आत उतरते. ती भरून घ्यावी. खिडकीच्या चौकटीभोवती बुरशीरोधक सिलिकॉन सीलंट भरावे, आणि टाइल्सच्या सांध्यांतील व्हाइट सिमेंट निघून गेले असेल तर त्या जागी इपॉक्सी ग्राउट भरल्यास पाणी मुरणे बरेच कमी होते.

रंग

रंगाबद्दल सांगण्यासारखे फार नाही. पुट्टी वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारावा, धूळ ओल्या फडक्याने पुसावी, प्रायमरचा एक हात द्यावा आणि ६ ते ८ तास थांबावे. गळतीचे जुने पिवळे डाग पाण्यावर आधारित प्रायमरमधून पुन्हा वर येतात. तेवढ्या जागी सॉल्व्हंटचा डाग-रोधक प्रायमर आधी लावावा. त्यावर बाथरूम-किचनसाठीच्या, बुरशीरोधक द्रव्य असलेल्या, सेमी-ग्लॉस ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात, मध्ये ४ ते ६ तास. छताला डिस्टेंपर मारण्याची पेंटरची सूचना नाकारावी. पाच फूट रुंद व सात फूट लांब बाथरूममध्ये छत आणि वरची दोन फुटांची पट्टी मिळून सुमारे ८५ चौरस फूट भरतात, दोन हातांना दीड लिटरच्या आसपास रंग लागतो. एवढ्याशा कामात रंगाच्या किमतीत बचत शोधण्यासारखे काही नसते. रंगातील बुरशीनाशकाची ताकद काही वर्षांत कमी होत जाते, हे मात्र विक्रेता सांगत नाही.

वाफेची वाट

सुमारे ३०० घनफुटांच्या बाथरूमला सहा इंची एक्झॉस्ट फॅन पुरतो, परंतु त्याला आत येणारी हवाही लागते. दार जमिनीला घट्ट टेकत असेल तर खाली पाऊण इंच फट ठेवावी किंवा दाराच्या तळाशी जाळी बसवावी. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीत पंखा बसवलेला असल्यास त्याच्या लगतच्या पट्ट्या बंद ठेवाव्यात. उघड्या राहिल्या तर पंखा बाहेरची हवा शेजारच्या फटीतून ओढून परत बाहेर टाकत राहतो आणि खोलीतील वाफ जागची हलत नाही. पंख्याचे तोंड फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडलेले आढळले, तर पाइप जोडून ते डक्टपर्यंत न्यावे, नाहीतर बुरशी डोळ्यांआड वाढते. आंघोळ संपल्यावर पंखा २० ते ३० मिनिटे चालू ठेवावा. ओले कपडे बाथरूममध्ये वाळत घालण्याची पावसाळ्यातील सवय या सर्व कामावर पाणी फिरवते. जागेअभावी ते टाळता येत नसेल तर तेवढा वेळ पंखा बंद करू नये.

रंग पूर्ण झाल्यावर किमान २४ तास, जमल्यास ४८ तास, त्या बाथरूममध्ये गरम पाण्याची आंघोळ करू नये आणि आठवडाभर भिंत घासू नये. उरलेला रंग लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरून त्यावर शेड क्रमांक व तारीख लिहून ठेवावी. पुढील पावसाळ्यात दर पंधरवड्याला कोपरे टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावेत आणि एखादा ठिपका दिसल्यास तो पसरण्याआधी त्याच पातळ द्रावणाने ओल्या फडक्यानेच पुसून घ्यावा.